आवाज ओळखीचा, नाव नाही

साताऱ्याहून एका ताईंनी विचारलंय: ‘माझे आजोबा १९६४ ते १९७५ सांगली आकाशवाणीवर अनाउन्सर होते. त्यांच्या ट्रंकेत मुदतीची करारपत्रं, हाताने वेळा लिहिलेले टाइप केलेले कागद, एक पिवळी मेणाची पेन्सिल, अर्धं ब्लेड आणि श्रोत्यांच्या कार्डांचा गठ्ठा सापडला. ही सरकारी नोकरी होती का? आवाज इतका चांगला होता म्हणतात, तर नाव कुठेच कसं नाही? टीव्ही आल्यावर ते तिकडे का गेले नाहीत? आणि त्यांचा आवाज आज कुठे ऐकायला मिळेल?’

मी त्याच केंद्रावर १९७७ साली आवाज चाचणी दिली आणि २०१३ मध्ये निवृत्त झाले. म्हणजे तुमच्या आजोबांची आणि माझी दोन वर्षांनी चुकामूक झाली. पण त्यांच्या पिढीच्या लोकांच्या शेजारी बसूनच मी शिकले, त्यामुळे ट्रंकेतले कागद मला बऱ्यापैकी वाचता येतील.

आधी करारपत्रं. त्यावरून घराघरांत गैरसमज झालेले मी पाहिलेत. मुदत संपली म्हणजे माणसाला काढून टाकलं, असं नव्हे. अनाउन्सर हा त्या काळी ‘स्टाफ आर्टिस्ट’ या वर्गात मोडायचा. तबलजी, सारंगिये, नाटकात आवाज देणारे, संहिता लिहिणारे, सगळे याच वर्गात. स्टेशन सरकारचं, इमारत सरकारी, शिपाईसुद्धा कायम. आणि ज्याच्या आवाजावर केंद्र चालायचं तो मात्र करारावर. महिन्याला मिळायचे ते पैसे, पण कागदावर त्याला पगार नाही, ‘फी’ म्हणायचे. मुदत संपत आली की नूतनीकरण. ते बहुतेक वेळा व्हायचंच, पण ‘बहुतेक’ या शब्दावर सोयरीक जमत नसे. ‘मुलगा रेडिओत आहे, पण पर्मनंट नाही’ हे वाक्य आमच्या सांगलीत स्थळं बघणाऱ्यांच्या तोंडी मी स्वतः ऐकलंय. १९८२ मध्ये या स्टाफ आर्टिस्टांना नियमित सरकारी नोकर होण्याचा मार्ग खुला झाला. आजोबा त्याआधी सात वर्षं निवृत्त झालेले. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: काम सरकारी, नोकरी अर्धवट सरकारी.

आणि वर जायला शिडी नव्हती. कार्यक्रम अधिकारी व्हायचं तर वेगळी परीक्षा, वेगळा रस्ता. अनाउन्सरचा पुढे अनाउन्सरच व्हायचा, फार तर वरच्या श्रेणीचा. वीस वर्षांपूर्वी ज्या खुर्चीत बसून पहिलं ‘नमस्कार’ म्हटलं, त्याच खुर्चीतून शेवटचं. ज्यांना हे खुपलं ते बँकेत किंवा कॉलेजात गेले. राहिले त्यांना त्या खोलीचं वेड होतं, दुसरं कारण मला दिसत नाही.

आता नाव. हे जरा मागून सांगायला हवं.

आपल्याकडे रीतसर प्रसारण २३ जुलै १९२७ ला मुंबईत सुरू झालं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगी होती, ट्रान्समीटर अवघा दीड किलोवॅटचा. उद्घाटन केलं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी. हो, आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ज्याचं नाव तोच. कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने १९३० मध्ये कारभार हातात घेतला आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडलं. ते घडवायला लंडनहून बीबीसीचे लायनेल फील्डन आले होते, आणि बीबीसीची रीत अशी होती की बोलते ती संस्था, माणूस नव्हे. तिथे निवेदकाने नाव सांगायचं नाही. संध्याकाळचा निवेदक माइकसमोर बसताना सूट-बो चढवून बसायचा, रेडिओवर कुणाला दिसत नसताना! १९४० साली युद्धात ही रीत मोडावी लागली. शत्रूने बनावट बातम्या सोडल्या तर खरा आवाज कोणता हे लोकांना कळावं म्हणून बातम्या वाचणारे नाव सांगू लागले. अमेरिकेत तर सुरुवातीचे अनाउन्सर नुसती आद्याक्षरं सांगायचे. लोक आवाजावर लुब्ध होऊन पत्रं धाडायचे, आणि नाव कळलं की हे लोक जास्त पैसे मागतील अशी मालकांना धास्ती.

बाईच्या आवाजाचं तर विचारूच नका. १९३३ मध्ये बीबीसीने शीला बॉरेट यांना निवेदक म्हणून माइकसमोर बसवलं. श्रोत्यांच्या तक्रारींचा पाऊस पडला, त्यात बायकांच्याही होत्या, आणि थोड्याच महिन्यांत त्यांना बाजूला केलं. मी ड्यूटीला लागले तेव्हाही रात्रीच्या सभेला, म्हणजे रात्रीच्या प्रसारणाला, ‘पुरुष आवाज भारदस्त वाटतो’ म्हणणारे साहेब होतेच. असो.

सांगली केंद्र १९६३ चं. तिथेही आजोबा म्हणायचे ते हेच: ‘हे आकाशवाणीचं सांगली केंद्र आहे.’ मी अमुक तमुक बोलतोय, असं नाही. पुण्याहून प्रादेशिक बातम्या देणारे नाव सांगत, म्हणून सुधा नरवणे हे नाव महाराष्ट्रभर घराघरांत. त्याच बातम्यांच्या आधी ‘आता पुणे केंद्रावरून’ म्हणणाऱ्या सांगलीच्या माणसाचं नाव त्याच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नसायचं. पण आवाज? मंडईत मी ‘पाव किलो गवार द्या’ म्हटलं की भाजीवाली वर बघायची. ‘तुमीच का त्या सकाळच्या?’ नाव तिने कधी विचारलं नाही. तिच्या लेखी माझं नाव ‘सकाळची’ हेच.

आता ते टाइप केलेले, हाताने वेळा लिहिलेले कागद. त्यांना क्यू शीट म्हणतात, आणि त्या ट्रंकेतली सगळ्यात मोलाची वस्तू मला विचाराल तर तीच. दिवसभरात काय काय वाजणार, किती वाजता, कुठल्या टेपवर, कुठली रेकॉर्ड, हे सगळं त्यावर. कडेला पेनने ‘३:१०’, ‘२:४५’ असं दिसेल. ती गाण्यांची लांबी, मिनिटं आणि सेकंद. आजोबांनी ती स्वतः मोजून लिहिलेली असणार, कारण रेकॉर्डच्या लेबलावर विश्वास ठेवायचा नाही हा पहिला धडा.

एक सकाळ दाखवते, म्हणजे त्या आकड्यांचा अर्थ लागेल. सहा पंचावन्नला दिल्लीहून संस्कृत बातम्या. सात पाचला पुण्याहून प्रादेशिक. साडेआठला दिल्लीहून मराठी. ही वेळ कुणासाठी थांबत नाही. सहा वाजून पंचावन्न मिनिटं शून्य सेकंदाला नियंत्रण कक्षातला इंजिनिअर दिल्लीची लाइन जोडणार म्हणजे जोडणार. तुमचं भक्तिगीत तेव्हा अंतऱ्यात असेल तर श्रोत्याला ‘विठ्ठला...’ आणि लगेच ‘इयम् आकाशवाणी’ असं ऐकू येईल. तेव्हा सहा एकावन्नला हिशेब सुरू. उरली चार मिनिटं. निवेदनाला पंधरा सेकंद, शेवटी केंद्राचं नाव आणि वेळ सांगायला दहा. मध्ये तीन पस्तीस. हातातलं गाणं तीन दहाचं. उरले पंचवीस सेकंद. त्यांचं काय करायचं? बोलून भरायचे तर पंचवीस सेकंद माइकवर फार लांब असतात, करून बघा. वाद्यसंगीताचा तुकडा लावायचा तर तो मध्येच तोडल्यासारखा वाटता कामा नये. हळूहळू फेडर (आवाज कमी-जास्त करायची कळ) खाली आणायचा, आणि तोही समेच्या आसपास. हे सगळं मनात चालू असताना तोंडाने शांतपणे ‘आता ऐका संत तुकारामांचा अभंग’.

आजोबांच्या काळी गाणी रेकॉर्डवर. बऱ्याचशा अजून लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, हातातून सुटली की खापऱ्या. लाँगप्ले ३३ फेऱ्यांची. निवेदनानंतर गाणं झटकन सुरू व्हावं म्हणून सुई आधीच टेकवून, तबकडी हाताने फिरवून पहिला सूर गाठायचा, मग तिथून साधारण अर्धा फेरा उलटी फिरवून धरून ठेवायची. बोलणं संपलं की फेडर वर आणि हात सोडायचा. अर्ध्या फेऱ्यात तबकडी वेग पकडते. कमी फिरवली तर गाणं ‘वुंईं’ करत चढतं, जास्त फिरवली तर मध्ये भगदाड. उजवा हात तबकडीवर, डावा फेडरवर, डोळा सेकंदकाट्यावर. एका टर्नटेबलवर गाणं वाजतंय तेव्हा दुसऱ्यावर पुढचं तयार. आणि आम्ही बायका ड्यूटीवर जाताना काचेच्या बांगड्या उतरवून पर्समध्ये टाकायचो, कारण माइक त्या बरोबर ऐकतो. क्यू शीटच्या एका कोपऱ्याला दुमड दिसेल. ती कागद न वाजवता उचलता यावा म्हणून.

पिवळी पेन्सिल आणि ब्लेड याच कामाचं. भाषण, मुलाखती पाव इंच रुंदीच्या टेपवर ध्वनिमुद्रित व्हायच्या. वक्ता खोकला, अडखळला, तर टेप हाताने पुढे-मागे करून तो खोकला नेमका कुठे आहे ते कानाने शोधायचं, मागच्या बाजूला मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका काप द्यायचा आणि चिकटपट्टीने जोडायचं. तिरका अशासाठी की सांधा कानाला लागू नये. मोठ्या केंद्रांवर त्याला वेगळी माणसं असतील. आमच्यासारख्या ठिकाणी अनाउन्सर सगळंच करायचा. एका वक्त्याचे ‘म्हणजे’ मी एका दुपारी इतके कापले की पायाशी टेपचं चिपाड झालं.

आवाजाबद्दल एवढंच म्हणेन की चांगला आवाज दारातून आत जायला पुरतो. चाचणीत आमचं खरं मरण उच्चारांत होतं. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगणं, लिहायला एकच, बोलायला दोन. ‘जरा’ थोडं आणि ‘जरा’ म्हातारपण, तेच. मी कृष्णाकाठची, घरी ‘पानी’ आणि ‘लोनी’ म्हणत वाढलेली. चाचणीच्या आधी दीड महिना मी ‘ण’ घेऊन बसले होते. पण पुढे उलटंही उमजलं. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात पुणेरी वळणाने ‘बियाण्याची उगवणक्षमता’ म्हटलं की समोरचा रेडिओ बंद करतो. तिथे कृष्णाकाठच लागायचा. एकाच दिवसात तीन मराठी बोलणं हे त्या कामातलं मला सगळ्यात अवघड वाटलेलं, आणि आवडलेलंही.

आणि बाजारभाव! सांगलीला हळद, गूळ, बेदाणा. ते आकडे फोनवरून यायचे, कुणीतरी कार्बन लावून घाईत उतरवायचं. एकदा गुळाच्या भावात दशकाच्या जागी १ होता, कार्बन पुसट, मला ९ दिसला. वाचला. क्विंटलमागे ऐंशी रुपयांचा फरक. मला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकावर वाळव्याकडचे एक काका उभे. पटका, धोतर, आवाज अजिबात चढलेला नाही. गाडी भरून ढेपा घेऊन पहाटे निघालेले. ‘कालचा भाव कुनी वाचला?’ मी म्हटलं, मीच. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘मंग ऐंशी रुपयाची पावती तुमच्या नावावर करायची का?’ मला रडू कोसळलं तेव्हा तेच म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या पोरी, पन आकडा बघून वाच.’ त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी भावाच्या कागदावरच्या प्रत्येक १ आणि ९ भोवती लाल गोल करत आले. आजोबांच्या कागदांवर असे गोल दिसले तर समजा, त्यांच्याकडेही कुणी काका आले असतील.

न बोलण्याचीही एक कथा सांगते. ३१ ऑक्टोबर १९८४. इंदिराजींवर गोळ्या झाडल्या गेल्याचं कळलेलं, पण त्या गेल्याचं आकाशवाणीवरून अधिकृतपणे संध्याकाळीच सांगितलं गेलं. दुपारी बीबीसीने सांगून टाकलं होतं. मी ड्यूटीवर. सूचना एवढीच की चित्रपटगीतं काढा, वाद्यसंगीत लावा. कारण सांगायचं नाही. मी बासरी लावली, सारंगी लावली, दर वेळी नुसतं वादकाचं आणि रागाचं नाव. फोन थांबेना. ‘ताई, खरं काय ते सांगा, तुमच्या आवाजावरनं कळतंय.’ मला वाटत होतं मी अगदी रोजच्यासारखं बोलतेय. संध्याकाळच्या बातम्या जोडल्या गेल्या तेव्हा स्टुडिओतल्या खुर्चीवरून मला उठता येईना.

टीव्हीकडे आजोबा का गेले नाहीत, याचं अर्धं उत्तर नकाशात आहे. दिल्लीत दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ ला प्रयोग म्हणून सुरू झालं, मुंबईत यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला, पुण्यात १९७३. सांगली-साताऱ्याला चित्र नीट दिसायला ऐंशीचं दशक लागलं. तोवर हौशी लोक वाड्याच्या गच्चीवर बांबूला अँटेना बांधून मुंग्याच बघत होते. तेव्हा १९७२ मध्ये टीव्हीत जायचं म्हणजे वरळीला जायचं. करारावरची नोकरी सोडून, बिऱ्हाड मुंबईत, आणि तिथेही करारच. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने का जावं?

उरलेलं अर्धं उत्तर कामात आहे. वरून एकच वाटतं, पण रेडिओचा माणूस कागदाला डोळे लावून बोलायला शिकलेला असतो. टीव्हीत तेव्हा डोळ्यांसमोर अक्षरं सरकवणारं यंत्र नव्हतं. चार वाक्यं पाठ करायची आणि कॅमेऱ्याच्या काचेला माणूस समजून म्हणायची. चित्र काळं-पांढरं, म्हणून शुभ्र साडी नको, ती झळकते. बारीक रेघांची नको, ती पडद्यावर थरथरते. आणि यंत्र रुसलं की ‘व्यत्यय’ची पाटी आणि निवेदिका जागेवर हजर. लंडनला १९३६ च्या नोव्हेंबरात बीबीसीची टीव्ही सेवा सुरू झाली, तेव्हा तीन निवेदक निवडले: जॅस्मिन ब्लाय, एलिझाबेथ कॉवेल आणि लेस्ली मिचेल. त्यातला मिचेल तेवढा रेडिओतून आलेला. ज्या संस्थेने रेडिओवर शीलाबाईंना बाजूला केलं, तिने तीन वर्षांनी टीव्हीवर दोन बायका बसवल्या, कारण आता बघायचंही होतं. आपल्याकडेही तसंच झालं. मुंबई दूरदर्शनवर सुरुवातीला ज्यांनी निवेदनं केली, बातम्या वाचल्या, त्यांत भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील होत्या. भक्तीताई मूळच्या आपल्या सांगलीच्या, आकाशवाणीवरही बोललेल्या. पण त्या नाटकाच्या माणूस; चेहरा, पाठांतर, समोरच्याकडे बघणं हे त्यांच्या हाडात होतं. आमच्यातल्या बहुतेकांच्या नव्हतं. मी स्वतः एकदा मुंबईला चाचणी दिली. आवाज आवडला. ‘मान खाली जाते’ म्हणाले. जाणारच, अकरा वर्षं मान खाली घालून क्यू शीट वाचत होते.

श्रोत्यांच्या कार्डांचा गठ्ठा जपून ठेवा. फर्माईशीच्या कार्डांवर एका गाण्यासाठी वीस-वीस नावं असायची: दहिवडीचं अख्खं घर, पाटणची मित्रमंडळी, जतच्या दुकानातले कामगार. ती सगळी नावं अनाउन्सर वाचायचा, एकही गाळायचं नाही. गाळलं की पुढचं कार्ड भांडणाचं.

आवाजाबद्दल मात्र तुमची निराशा करावी लागणार. निवेदनं थेट जायची, त्यांचं ध्वनिमुद्रण कुणी करत नव्हतं. ज्या कार्यक्रमांचं केलं त्याही टेपा महाग म्हणून पुसून पुन्हा वापरल्या. २००५ च्या महापुरात आम्ही दिवसरात्र आयर्विन पुलाजवळची पातळी सांगत होतो, इशारा चाळीस फुटांवर आणि धोका पंचेचाळीसवर, घसा बसेपर्यंत. त्यातलंही एक वाक्य माझ्याकडे नाही. तरी एक आशा आहे. आजोबांनी एखाद्या नभोनाट्यात किंवा रूपकात (निवेदन, संवाद, संगीत मिळून केलेल्या कार्यक्रमात) काम केलं असेल तर ते संग्रहासाठी राखून ठेवलं गेलं असण्याची शक्यता असते. करारपत्रांच्या मागे असलेली पत्रं बघा, नाटकाचं नाव आणि प्रसारणाची तारीख सापडेल. ती घेऊन केंद्राच्या ग्रंथालयात विचारा. नुसतं ‘आमचे आजोबा’ म्हणून गेलात तर काही मिळायचं नाही, तारीख हवी.

आणि ट्रंकेच्या तळाशी टेपचा एखादा स्पूल निघाला तर जुन्या बाजारातलं मशीन आणून तो लगेच लावू नका. टेप एकमेकीला चिकटलेली असली तर पहिल्याच ओढीला तिचा थर निघतो. सांधे सुटले असतील तेही आधी पुन्हा जोडावे लागतात. सांगलीला आलात तर घेऊन या. माझ्याकडे अजून एक पिवळी पेन्सिल शिल्लक आहे.